उघाडीवाले दादा आणि तीन पावसाळे

उघाडीवाले दादा माती चाखत असत. चाखत म्हणजे अगदी जिभेवर ठेवून. शेतातलं ढेकूळ बोटांनी चुरायचं, चिमूटभर माती जिभेच्या टोकाला लावायची, डोळे मिटायचे आणि बाजूला थुंकून निकाल द्यायचा, "अजून हाय." हाय म्हणजे मीठ. हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा या म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नसावं असं वाटून मी चालायचा वेग वाढवला होता. त्यांनी मागून हाक मारली, "बाय, हलू चाला. पुढं बांध निसरडा हाय." मी काही हळू चालले नाही, आणि दहाव्या पावलाला सपशेल आपटले. आमची ओळख झाली ती अशी.

मी बांधावर चालायला जात होते ती डॉक्टरांच्या धाकाने. नालासोपारा पश्चिमेला गास गावाच्या वाटेवर आमची इमारत आहे. तिच्या मागून एक पायवाट निघते आणि शेवटच्या टॉवरला वळसा घालून खाडीच्या बांधावर चढते. माझी नोकरी सरकारी कचेरीतली. पस्तीस वर्षं टेबलावरच्या प्रत्येक फायलीवर मी 'तातडीचे' असा शिक्का मारला. निवृत्तीच्या दिवशी शिक्का तिथेच ठेवून आले, पण घाई माझ्याबरोबर घरी आली. ह्यांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. घरात मी एकटी, त्यामुळे घाई कशाची हे मलाही सांगता आलं नसतं. साखर मात्र वाढत होती, म्हणून रोज सकाळी पाऊण तास चालणं आलं.

दादांचं काम बांधावरच्या उघाडीचं. खाडीच्या कडेने मातीचा लांबलचक बांध, बांधाच्या आत भातशेती आणि बांधाला एका ठिकाणी दगडी मोरी. मोरीच्या दोन्ही अंगांना खाचा, त्या खाचांत सरकवायच्या जाड लाकडी फळ्या. हीच उघाडी. भरतीला फळ्या बसवायच्या, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला काढायच्या, म्हणजे शेतात साचलेलं पावसाचं जादा पाणी खाडीत निघून जातं. गावकीने हे काम त्यांच्या वडिलांना दिलं होतं, वडिलांमागून ते दादांकडे आलं. त्यांचं स्वतःचं शेतही उघाडीला लागूनच होतं. वय पंचाहत्तरीच्या पुढे, अंगात बनियन, खाली खाकी अर्धी चड्डी, डोक्याला टॉवेल, आणि हातात बांधावरची चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं शोधायला एक अणकुचीदार काठी. त्यांचं खरं नाव मला ते गेल्यावर कळलं. इथे ते लिहीत नाही, कारण त्या नावाचा माणूस मला कधी भेटलाच नव्हता.

त्यांना तारीख ठाऊक नसे, वार कधीमधी ठाऊक असे, तिथी मात्र चुकत नसे. भेटल्यावर माणसं "काय, बरं आहे ना?" विचारतात, तसं ते विचारायचे, "आज तिथ काय?" मला कुठली येणार! मग तेच सांगायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्यांनीच मला शिकवलं. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनला भरती. अष्टमीला सहाला. मी मोठ्या ऐटीत फोन काढून भरतीची वेळ दाखवली, तर त्यांच्या हिशोबात आणि फोनमध्ये बराच फरक निघाला. मी विजयी मुद्रेने त्यांच्याकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "तुमचा फोन मुंबयचा पानी बघतो. आपली खाडी आत हाय. पानी इथवर चालत येतो, त्याला येळ लागतो." आम्ही मुद्दाम थांबून पाहिलं. पाणी दादांनी सांगितलेल्या वेळेला आलं.

मला त्या दिवसांत सुविचारांचा नाद लागला होता. सकाळी बांधावरून परत आले की खाडीचा एखादा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा आणि खाली निसर्गाने दिलेला धडा लिहायचा. पाणवनस्पती दिसली की चिखलातही फुलावं, बगळा दिसला की एकाग्रता. लोक अंगठे दाखवायचे आणि मला ते खरे वाटायचे. एकदा मी दादांना माझा सगळ्यात गाजलेला सुविचार वाचून दाखवला, 'प्रत्येक ओहोटीनंतर भरती येतेच, फक्त धीर धरा.' दादा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. मग असे काही हसले की बांधावरचे बगळे उडाले.

"बाय, हा कुनी लिवला?"

"मी."

"भरती आली क आमचा जीव टांगनीला लागतो. आमाला व्होटी पायजे. सगला काम व्होटीला. भरतीत काय करायचा? दार लावायचा नि गप बसायचा." आणि थोड्या वेळाने, माझं तोंड पडलेलं पाहून असेल, पुढे म्हणाले, "तुमा लोकांना झाडाकरनं, पान्याकरनं कायतरी शिकायचाच असतो. झाड काय तुमाला शिकवाया उभा नाय ऱ्हात. त्याला त्याचीच कामां हायत." त्या दिवशी ग्रुपवर मी काहीच टाकलं नाही. दोन जणांनी तब्येत विचारली.

त्याच वर्षी जूनमध्ये माझी मुलगी स्नेहल पुण्याहून घरी आली. लग्नाला पाच वर्षं झाली होती, आणि ते लग्न संपलं होतं. कोणी मारलं नाही, कोणी घराबाहेर काढलं नाही. पाच वर्षं तिला रोज थोडं थोडं कमी लेखलं जात होतं, आणि ती ते ऐकत राहिली होती. चांगली हसरी, इंटिरियर डिझाइन शिकलेली, भांडायला पक्की अशी माझी पोर एक बॅग आणि गुंडाळलेले कागद घेऊन आली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. नोकरी पुण्यातच सोडली होती. मी तिला अर्ध्या अर्ध्या तासाने दार वाजवून उठवत असे. चहा घे. आंघोळ कर. ही जाहिरात बघ. बाहेर ऊन किती छान पडलंय बघ. ती दार उघडायची, "नको गं" म्हणायची आणि पुन्हा लावायची. मी आई आहे, मला ती आधीसारखी हवी होती आणि दिवाळीच्या आत हवी होती.

आषाढी अमावास्येला भर दुपारी उधाणाचं पाणी आलं, त्यात तीन दिवसांचा पाऊस, आणि उघाडीच्या पलीकडे बांध फुटला. चिंबोरीचं एक बीळ राहून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा माणसं मातीच्या गोणी टाकत होती आणि दादांचं शेत नुकतंच लावलेल्या रोपांसकट खाडीच्या पाण्याखाली होतं. इतर दोघातिघांचंही गेलं होतं. दादा बांधावर बसले होते. मी काहीतरी सांत्वनाचं बोलले. ते म्हणाले, "चूक माझीच हाय. बील दिसला होता, उद्या बुजवू बोललो." दोष दुसऱ्यावर ढकलायची इतकी सोय असताना माणूस असं सरळ बोलतो, हे मला कचेरीतल्या पस्तीस वर्षांत पाहायला मिळालं नव्हतं.

"आता पुन्हा कधी लावणार?" मी विचारलं.

"तीन पावसाळे जातील."

मला वाटलं, तीन आठवडे म्हणायचं असेल. पण नाही, पावसाळेच. मग त्यांनी समजावून सांगितलं. एकदा जमीन खारावली की तिच्यात पावसाचं गोडं पाणी चार-पाच दिवस तुंबवायचं, त्यात मीठ विरघळू द्यायचं आणि ओहोटीला उघाडीतून ते खाडीत सोडायचं. पुन्हा तुंबवायचं, पुन्हा सोडायचं. मधून मधून माती चाखायची. बाकी काही करायचं नाही. "नांगरायचा नाय, खत घालायचा नाय, पेरायचा नाय. तिला धुवू द्यायचा." आसपास जमिनींवर मातीचे भराव पडत होते, इमारती उठत होत्या. लोक येऊन सांगत, आता कशाला थांबता, देऊन टाका. दादा त्यांना तिथी विचारत. ती सांगता आली नाही की विषय संपला.

श्रावणात त्या शेतावर हिरवळ आली. मी उत्साहाने म्हटलं, "दादा, बघा, सुधारलं की शेत!" त्यांनी मान हलवली. तरुणपणी एकदा असंच शेत खारावलं होतं, वडील नको म्हणत असताना हिरवं पाहून त्यांनी पहिल्याच पावसात भात लावलं. रोपं जोमदार उभी राहिली. मग आठ दिवस पाऊस उघडला, ऊन तापलं, खालचं मीठ वर आलं आणि दोन दिवसांत सगळं शेत करपून पिवळं पडलं. "वरचा हिरवा दिसतो तो गवताचा. ते कुठंपन येतं. भाताचा तसा नाय." मी ऐकलं, मान डोलावली आणि घरी येऊन विसरले.

दिवाळीच्या आधी दादांनी मला एक पिशवी दिली. आत जिवंत चिंबोऱ्या, नांग्या दोऱ्याने बांधलेल्या. आम्ही मूळचे राजापूरकडचे, आम्हाला यापुढे सोनं मातीमोल. पण एका चिंबोरीचा दोरा सुटला आणि ती ओट्यावरून उडी मारून स्वयंपाकघरातून थेट स्नेहलच्या दाराखालच्या फटीपाशी गेली. फट मोठी होती. पुढच्या क्षणाला आतून किंकाळी आली, दार धाडकन उघडलं आणि माझी मुलगी पलंगावर उभी राहून "आई, चिमटा आण!" असं ओरडत होती. आम्ही दोघींनी झाडू, चिमटा आणि स्टीलचं पातेलं घेऊन अर्धा तास युद्ध केलं. शेवटी तिनेच ती पकडली आणि जमिनीवर बसून हसत सुटली. पाच महिन्यांनी मी तिचं हसणं ऐकत होते. रात्री कालवण-भात खाताना ती माझ्याशी दोन-चार वाक्यं बोललीसुद्धा.

झालं. मला वाटलं, पोर सुधारली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण नवऱ्यांवर उगाच खपवली आहे, ती आयांसाठी असायला हवी होती. डोंबिवलीची माझी मोठी जाऊ महिनाभर एका स्थळाचं सांगत होती. मी तिला त्याच रात्री फोन केला. पुढच्या रविवारी मंडळी 'सहज चहाला' आली, मुलगा, आई, वडील आणि पेढ्यांचा बॉक्स. स्नेहलला मी एक अक्षर सांगितलं नव्हतं. ती बाहेर आली, एका नजरेत सगळं ओळखलं, चहा दिला, विचारल्या प्रश्नांना नीट उत्तरं दिली, मंडळींना लिफ्टपर्यंत सोडून आली. मग आत जाऊन दार लावलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर तीन आठवडे ती माझ्याशी एकही शब्द बोलली नाही. जेवायचीसुद्धा मी बाहेर गेल्यावर. एका सकाळी तिच्या खोलीतल्या कचऱ्याच्या टोपलीत मला कागदांचे कपटे दिसले. पुण्याहून गुंडाळून आणलेली तिची सगळी रेखाटनं तिने फाडून टाकली होती. मी फार घाबरले. आपण हिला कायमची गमावतोय, ही भीती तेव्हा पहिल्यांदा मनात आली आणि गेली नाही.

त्या दिवशी बांधावर दादांजवळ माझा बांध फुटला. आत्तापर्यंत मी त्यांना मुलगी घरी आहे एवढंच सांगितलं होतं. सगळं सांगितलं, स्थळाचं, फाडलेल्या कागदांचं. आणि सवयीने म्हणाले, "तुमच्या शेतासारखंच केलं मी. हिरवं बघून लावायला गेले."

"शेताचा शेताला," ते जरा तुटकपणे म्हणाले. "पोरगी शेत नाय." मग बराच वेळ काठीने चिखलात रेघा ओढत बसले. मला वाटलं, विषय संपला. ते माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"आमचा पयला पोर तापानं गेला. दीड वरसाचा. लोकां बोलली, बायकोला कामाला लाव, मन रमेल. मी पंधराव्या दिसाला तिला भाताच्या आवनीला उतरवली. उतरली बिचारी. काम केला. पन बोलायची बंद झाली. दोन वरसां."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? आदी रागावलो. मंग भगत आनला. मंग दमलो. ती शेतात वाकलेली असायची, मी जवलच्या बांधावर बिळां बुजवत बसायचो. कायपन इचारायचो नाय. पन जायचो नाय तिथनं. एक दिस तीच बोलली, 'त्या कोपऱ्याला चिंबोरीनं बील केलाय, दिसत नाय तुमाला?' येवराच बोलली." त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. "मला दिवाली झाल्यासारका वाटला."

त्यांची बायको जाऊन तोवर नऊ वर्षं झाली होती. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, पुन्हा कधी काढली नाही. मीही काढली नाही, आणि तिचा सुविचारही केला नाही.

घरी येऊन मी बंद दारासमोर उभी राहिले. हात वर गेला होता. तो खाली घेतला आणि दाराबाहेरूनच म्हणाले, "स्नेहल, त्या रविवारी मी चुकले. परत असं करणार नाही." मग मी बाहेरच्या खोलीत मेथी निवडत बसले. त्या दिवसापासून मी दार वाजवलं नाही. लिहायला हे एक वाक्य आहे, करायला महाकठीण. जेवण टेबलावर झाकून ठेवायचे आणि तिथेच काहीतरी करत बसायचे, लसूण सोलत, जुन्या साड्यांना फॉल लावत. जावेचा फोन आला तर तिच्या गुडघ्यांची चौकशी करायचे. कधी कधी वाटायचं, आपण नुसत्या बसलोय, जगातल्या आया मुलींसाठी काय काय करतात. मग बांधावर जायचे. दादा पाणी तुंबवून बसलेले असायचे, तेही जगाच्या मते नुसतेच बसलेले.

पहिला शब्द आला संक्रांतीनंतर, "मेथी संपली का? आज पालक कर ना." मी मोठ्याने रडणारच होते, पण उठून गुपचूप पालक आणायला गेले. दुसऱ्या पावसाळ्यात ती एका मैत्रिणीबरोबर चिंचोटीच्या धबधब्यावर गेली. तिथे पाय घसरलेल्यांच्या बातम्या मला पाठ होत्या, तरी मी "छत्री घे" एवढंच म्हटलं. आल्यावर काही विचारलं नाही. तिनेच भिजलेले बूट बाल्कनीत ठेवता ठेवता अर्धा तास सांगितलं. मग कागद आले, पेन्सिली आल्या. कधी पंधरा दिवस बरे जायचे, कधी पुन्हा चार दिवस दार बंद. दादांचं शेतही तसंच चाललं होतं. कधी माती चाखून "उतरलाय" म्हणायचे, कधी तोंड वाकडं करून "परत वर आला" म्हणायचे. दोन्हींचा मेळ घालायची मला फार ऊर्मी यायची, पण मी जीभ आवरायला शिकले होते.

तिसऱ्या आषाढात एका सकाळी त्यांनी माती जिभेला लावली आणि थुंकले नाहीत. "लावून बघू," म्हणाले. आवणीच्या दिवशी मी स्नेहलला "येतेस का?" असं एकदाच विचारलं आणि ती आली. तिची आणि दादांची तेवढीच भेट. ती चपला घालून चिखलात उतरायला लागली तेव्हा ते म्हणाले, "बाय, चपला काड. चिखलाला पाय दाव आदी." ती पिंढऱ्यांपर्यंत रुतली, दोनदा पडली, अर्धी ओळ लावली ती वाकडी. दादांनी ती ओळ तशीच ठेवली. एका कोपऱ्यात त्यांनी काहीच लावलं नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "तो तयार नाय अजून. ऱ्हाऊ दे."

आणि भाद्रपदात स्नेहलने मला सांगितलं की तिला नाशिकला नोकरी मिळाली आहे. लाकडी फर्निचर बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात डिझाइनचं काम. तिथे खोली घेऊन एकटी राहणार. आता मी आनंदाने नाचायला हवं होतं. मी म्हणाले, "इथेच बघ ना काहीतरी. एवढी घाई काय आहे?" हे वाक्य माझ्या तोंडून! तिचा चेहरा उतरला, पण ती म्हणाली, "बरं, बघते." खरं सांगायचं तर या तीन पावसाळ्यांत मला तिच्या असण्याची सवय झाली होती. संध्याकाळी दोन कप चहा, तिच्या पेन्सिलीचा खरखर आवाज. ह्यांच्यामागे रिकामं झालेलं घर भरलं होतं, आणि ते मला पुन्हा रिकामं करायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दादा उघाडीवर फळ्या काढत होते. रात्रभर पाऊस कोसळला होता, शेतात पाणी तुडुंब, आणि खाडी ओसरायला लागली होती. मी नाशिकचं सांगितलं, माझं उत्तरही सांगितलं, आणि म्हटलं, "तुम्हीच म्हणता ना, घाई करू नये?"

त्यांनी हातातली फळी खाली ठेवली. "मी कवा बोललो? भरतीत घाई करायची नाय. व्होटी लागली क मंग घाईच करायची. आता ह्या फळ्या दोन तास उशिरा काडल्या तर काय व्हईल? आतला पानी गोडा हाय, चांगला हाय, पन भात कुजेल." मग माझ्याकडे पाहून, मला वाटतं थोडे संकोचून म्हणाले, "शेताचा सांगतंय हां."

"कळलं," मी म्हटलं. घरी येऊन स्नेहलला सांगितलं की नाशिकला कळवून टाक. ती मला बिलगली. ती लहान असताना बिलगायची तशी नाही, मोठ्या बाईने मोठ्या बाईला धरावं तशी.

आश्विनात भात निसवलं. दादा रोज लोंब्या हातात घेऊन बघायचे, मोजायचे नाहीत. नवमीला त्यांनी संध्याकाळची भरती पाहून फळ्या बसवल्या, घरी गेले, जेवले, आडवे झाले आणि उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी उघाडीवर त्यांचा पुतण्या होता. त्यानेच सांगितलं. तो बिचारा फोनमध्ये वेळ बघत होता. मी त्याला म्हटलं, "पाणी इथे जरा उशिरा येतं." त्याने वर पाहिलं आणि त्याचेही डोळे भरून आले. मी त्यांच्या घरी गेले, तिथल्या बायकांत बसले. कोणाची कोण म्हणून बसले ते मला सांगता आलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

स्नेहल निघाली तेव्हा दादांना जाऊन सोळा दिवस झाले होते. खाली रिक्षा उभी, दोन बॅगा, कागदांची एक लांब नळी, डब्यात घावणे आणि चटणी. मी घोकून ठेवलेल्या सूचना सगळ्या विसरले. ती बसली, मग पुन्हा उतरून माझ्याजवळ आली.

"आई, एक सांगायचं राहिलं. ते स्थळ येऊन गेल्यावर मी ठरवलं होतं, या घरातून निघून जायचं. कुठे ते ठरवलं नव्हतं. कुठेही. मग तू दार वाजवायची थांबलीस. मी आतून ऐकत बसायचे, आता वाजवेल, मग वाजवेल. तू तिथेच बसलेली असायचीस, मला कळायचं. पण वाजवलं नाहीस." तिने माझे दोन्ही हात धरले. "म्हणून राहिले गं."

रिक्षा गेली. हे सगळं ज्यांना जाऊन सांगायचं, तेच नव्हते. मी वर न जाता जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. येणारीजाणारी माणसं थबकत होती, काय झालं विचारत होती. मी त्यांना हाताने जा म्हटलं, आणि घाई न करता, पोटभर रडले.